चूक झाली होती, तरी अर्ज करा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका ४३ वर्षांच्या, कॅलिफोर्नियात बे एरियात राहतात. ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्वाचा अर्ज लवकरच करायचा आहे. एका दाताच्या दवाखान्यात त्या चार वर्षं फ्रंट डेस्क आणि इन्शुरन्सचं बिलिंग सांभाळत होत्या, आठवड्याला ३२ तास, तासाला २४ डॉलर. दवाखान्याने नवं सॉफ्टवेअर आणलं तेव्हापासून बिलांत चुका व्हायला लागल्या. त्यांनी दोनदा मेल करून ट्रेनिंग मागितलं, ते मिळालं नाही. दोन लेखी ताकिदी मिळाल्या. मग काही पेशंटांची बिलं जुन्या पॉलिसीवर गेली, मुदत टळली आणि दवाखान्याचे पैसे बुडाले. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना कामावरून काढलं. पत्रात कारण आहे, ‘काम अपेक्षित दर्जाचं नाही.’ आता मॅनेजरचा फोन आला, “मागच्या तारखेचा राजीनामा मेल करून टाक, आम्ही रेफरन्स चांगला देऊ.” नवरा म्हणतो, “आपण कधी कुणापुढे हात पसरले नाहीत, अनएम्प्लॉयमेंट घ्यायचं नाही.” (अनएम्प्लॉयमेंट म्हणजे नोकरी गेल्यावर राज्याकडून मिळणारे बेकारी विम्याचे पैसे.) नणंद म्हणते, “फायर झालेल्यांना ते मिळतच नाही, आणि घेतलं तर सिटिझनशिपला अडचण येते.” डिसेंबरात भाचीच्या लग्नासाठी तीन आठवडे नाशिकला जायचं आहे. पत्राचा शेवट असा : “चूक तर माझीच होती. मग मी कोणत्या तोंडाने पैसे मागू?” (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

प्रिय मैत्रीण,

आधी दोन तातडीच्या गोष्टी सांगते, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. राजीनाम्याचा मेल पाठवू नका. आणि अनएम्प्लॉयमेंटचा अर्ज याच आठवड्यात करा.

घाई अशासाठी, की कॅलिफोर्नियात हे पैसे देणारं खातं, म्हणजे ईडीडी, तुमचा क्लेम धरतं तो ज्या आठवड्यात अर्ज केलात त्या आठवड्याच्या रविवारपासून, नोकरी गेली त्या दिवसापासून नव्हे. मागची तारीख लावून मिळते, पण त्याला तसंच सबळ कारण लागतं, आणि ‘लाज वाटत होती म्हणून थांबले’ हे त्यात बसणं कठीण आहे. तीन आठवडे असेच गेले. त्यात पहिला पात्र आठवडा ‘वेटिंग वीक’ म्हणून बिनपैशाचाच जातो. म्हणजे उशीर जितका, तितकं नुकसान तुमचंच. अर्ज केल्यावर पुढच्याच आठवड्यात नोकरी लागली तर काहीही बिघडत नाही, क्लेम तसाच पडून राहतो.

आता तुमच्या त्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण सगळा अडसर तिथेच आहे असं मला वाटतं. नवरा आणि नणंद काय म्हणतात ते नंतर बघू. तुम्ही स्वतः धरून चालला आहात, की चूक माझी, म्हणजे हक्क संपला. कायदा असं म्हणत नाही.

कॅलिफोर्नियाच्या बेकारी विमा कायद्यात एक कलम आहे, १२५६. त्यानुसार अनएम्प्लॉयमेंट नाकारलं जातं ते मुख्यतः दोन कारणांनी : सबळ कारणाशिवाय आपणहून नोकरी सोडली तर, किंवा कामाशी संबंधित गैरवर्तनामुळे काढलं गेलं तर. ‘काम जमलं नाही म्हणून काढलं’ हे या दोन्हींत येत नाही. गैरवर्तन ठरायला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. मालकाप्रति तुमचं काही महत्त्वाचं कर्तव्य असलं पाहिजे. ते तुम्ही लक्षणीय प्रमाणात मोडलेलं असलं पाहिजे. तेही जाणूनबुजून किंवा बेगुमानपणे. आणि त्यातून मालकाच्या हिताला धक्का बसला पाहिजे. दवाखान्याचे पैसे बुडाले, म्हणजे चौथी गोष्ट झाली हे मान्य. पण तिसरी? तुम्ही मुद्दाम केलंत का? ‘जाऊ दे, मला काय त्याचं’ म्हणून केलंत का? तुमच्या पत्रावरून तरी नाही. तुम्ही शिकवा म्हणून मागे लागला होतात.

हे माझं मन मोठं म्हणून सांगत नाही. १९५९ पासून कॅलिफोर्नियाची न्यायालयं हेच सांगत आली आहेत : निव्वळ अकार्यक्षमता, कुवतीअभावी नीट न झालेलं काम, एखाददुसऱ्या प्रसंगी झालेलं साधं दुर्लक्ष, प्रामाणिकपणे घेतलेला पण चुकलेला निर्णय, यातलं काहीही गैरवर्तन नव्हे. १९८४ सालचा एक खटला मला फार बोलका वाटतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तंत्रज्ञ बाईंना वरिष्ठांनी रुग्णांच्या ऊतींच्या नमुन्यांवर एक काम करायला सांगितलं. त्यांना मनापासून वाटत होतं की हे आपल्या पात्रतेबाहेरचं आहे, रुग्णाला धोका होईल. त्यांनी चक्क नकार दिला आणि नोकरी गेली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सांगितलेलं काम न करणाऱ्या व्यक्तीलासुद्धा, तिचा हेतू प्रामाणिक होता म्हणून, हा हक्क मिळाला. तुम्ही तर कामाला नाही म्हटलेलंच नव्हतं.

काढून टाकायला मालकाला इथे कारण लागतंच असं नाही, ती मुभा त्याला आहे. पण त्याने काढलं म्हणजे तुमच्या सचोटीवर कुणी निकाल दिला, असं होत नाही. हे दोन प्रश्न इथे दोन वेगळ्या टेबलांवर सुटतात.

मात्र तुमची दुबळी बाजूही सांगायला हवी. दोन लेखी ताकिदी आहेत. ज्याला काम येतं त्याने ताकीद मिळूनही तीच चूक पुन्हा पुन्हा केली, तर तो साधा दुर्लक्षाचा भाग राहत नाही, असं ईडीडी म्हणू शकते, आणि दवाखाना तेच म्हणायचा प्रयत्न करील. ‘पहिली तीन वर्षं ही हेच काम बिनचूक करत होती’ असं ते म्हणतील. त्याला तुमचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे : चुका सुरू झाल्या त्या सॉफ्टवेअर बदललं तेव्हापासून, ट्रेनिंग मागितलं होतं ते मिळालं नाही, आणि जमेल तसं काम तुम्ही करत राहिलात.

आता राजीनाम्याचं. मॅनेजरबाई वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांना खरंच वाटत असेल की तुमचं नाव स्वच्छ राहावं. पण या व्यवहारात कुणाचं काय जातं तेही बघा. मी या राज्यात बरीच वर्षं छोट्या व्यवसायांची पगारपत्रकं सांभाळली आहेत, त्यामुळे ईडीडीकडून मालकाला जाणारा कागद माझ्या ओळखीचा आहे. तुम्ही अर्ज केलात की दवाखान्याला एक नोटीस जाते. तिच्यावर तुमचा कामाचा शेवटचा दिवस आणि नोकरी का गेली याचं तुम्ही दिलेलं कारण छापलेलं असतं. मालकाला काही आक्षेप असेल तर उत्तराला दहा दिवस. तुम्हाला मिळालेल्या पैशांचा भार मालकाच्या खात्यावर पडला की पुढे त्याच्या कराचा दर चढू शकतो. म्हणून आक्षेप घेतले जातात, आणि म्हणूनच कधी कधी उशिराने राजीनाम्याची आठवण होते.

राजीनामा दिलात तर तुमचं काय होईल? काढून टाकलं असेल तर गैरवर्तन सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. आपणहून सोडलं असेल तर सबळ कारण होतं हे सिद्ध करायचं तुम्हाला. म्हणजे एका मेलने तुम्ही सगळं ओझं त्यांच्या खांद्यावरून उचलून आपल्या डोक्यावर घेता. शिवाय मागची तारीख घालणं म्हणजे जे झालंच नाही ते लिहून देणं. तुमच्याकडे काढल्याचं पत्र आहे, ते जपून ठेवा.

असंच पत्र वाचणाऱ्या आणि आधीच सही करून बसलेल्या इतरांसाठी : ‘राजीनामा दे, नाहीतर काढतो’ असं तुम्हाला स्पष्ट सांगितलं गेलं होतं आणि दुसरा पर्याय उरला नव्हता, तर कॅलिफोर्नियात ते काढून टाकणंच धरलं जातं. अर्जात तसंच लिहा, कोण काय म्हणालं ते तारखेसकट. फक्त ‘मला वाटलं की आता काढतीलच’ एवढ्यावर ते चालत नाही.

रेफरन्सची काळजी खरी आहे, पण ती वेगळी सोडवता येते. मॅनेजरना चार ओळींचा मेल लिहा, की कुणी चौकशी केली तर माझ्या कामाच्या तारखा आणि पद एवढंच सांगावं ही विनंती. बहुतेक ठिकाणी तेवढंच सांगतात. आणि नव्या मुलाखतीत विचारलं तर, “सॉफ्टवेअर बदललं, त्या वेगाशी माझं जुळलं नाही, त्यानंतर मी अमुक शिकले,” एवढं पुरे. तोवर ते अमुक शिकायला मात्र लागा; दातांच्या बिलिंगची सॉफ्टवेअर मोजकीच आहेत, आणि पुढच्या दवाखान्यात पहिला प्रश्न त्याचाच येणार.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ईडीडीच्या फोनवरच्या मुलाखतीची, म्हणून इथे जरा रेंगाळते. ले-ऑफ असेल, म्हणजे मालकाकडे काम उरलं नाही म्हणून नोकरी गेली असेल, तर बहुधा फोन येत नाही. काढून टाकलं असेल तर बहुतेक वेळा येतो. आधी पत्राने किंवा ऑनलाइन खात्यात तारीख-वेळ कळते. समोरची व्यक्ती ठरीव क्रमाने विचारते : शेवटचा प्रसंग कोणता? नियम माहीत होता का? ताकीद मिळाली होती का? मग पुन्हा का झालं? आणि जे सांगाल ते टाइप होत जातं.

इथे आपली माणसं हमखास अडचणीत येतात. चूक झाली की ती पदरात घ्यायची, समोरच्याने बोट दाखवायच्या आधी आपणच आपल्याला बोलून घ्यायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. “माझंच चुकलं हो, लक्ष द्यायला हवं होतं, माझाच निष्काळजीपणा.” घरात, शेजारात याला नम्रपणा म्हणतात आणि समोरचा म्हणतो, “अहो नाही, एवढं मनाला लावून घेऊ नका.” ईडीडीच्या फोनवर समोरून तसं कुणी म्हणणार नाही. तिथे ‘निष्काळजीपणा’ हा शब्द जसाच्या तसा लिहिला जाईल, आणि निकाल त्यावरच फिरेल.

तुम्ही खोटं बोला असं मी मुळीच सांगत नाही. उलट काय घडलं ते जास्त खरं, जास्त नेमकं सांगा. स्वतःला शिक्षा सुनावू नका, एवढंच. “हो, ती बिलं जुन्या पॉलिसीवर गेली. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंटची पॉलिसी बदलली आहे हे वेगळ्या स्क्रीनवर दिसतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी या या महिन्यांत मेल करून ट्रेनिंग मागितलं होतं. मुद्दाम किंवा बेपर्वाईने काही केलं नाही.” तुमच्याकडे जे घडलं असेल ते असं घाला. स्क्रीनचं मी उदाहरणादाखल लिहिलं, तसं नसेल तर म्हणू नका. एका कागदावर तारखावार टिपण करा : सॉफ्टवेअर कधी आलं, ट्रेनिंग कधी मागितलं, ताकिदी कधी, शेवटचा प्रसंग कधी. फोन येईल तेव्हा तो कागद समोर ठेवा. मात्र टिपणासाठी दवाखान्याच्या मेलमध्ये किंवा सिस्टिममध्ये शिरू नका, आणि एकाही पेशंटचं नाव किंवा बिल स्वतःकडे ठेवू नका. ती माहिती कायद्याने संरक्षित आहे. पुरावा गोळा करता करता खरोखरचं गैरवर्तन होऊन बसायचं. ‘मेल केले होते’ एवढं सांगा, लागलेच तर ते मागवायची सोय अपिलात असते.

आणि अर्जात कारणाच्या जागी ‘ले-ऑफ’ लिहायचा मोह होईल. कुणीतरी तसं सुचवेलही. ते करू नका. मालकाच्या उत्तराशी ते जुळणार नाही, आणि जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं ठरलं तर घेतलेले पैसे परत, वर ३० टक्के दंड, आणि पुढचे काही आठवडे बाद. तुमची खरी बाजू भक्कम असताना खोट्याच्या वाटेला जाता कशाला?

आता घरातलं. तुमच्या यजमानांच्या म्हणण्यातला स्वाभिमान मला कळतो. ज्या घरात कर्ज काढायलाही लाज वाटायची अशा घरात आपण वाढलो. पण हे पैसे येतात कुठून ते त्यांना सांगा. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर मालक बेकारी विम्याचा कर भरतो. तुमच्या दवाखान्याने तुमच्या नावावर चारही वर्षं तो भरला आहे. कॅलिफोर्नियात तो पगारातून कापत नाहीत. न्यू जर्सीत आणि पेनसिल्व्हेनियात तर कर्मचाऱ्याच्या पगारातूनही वाटा जातो, तिथल्या वाचकांनी आपली पे-स्लिप काढून बघावी. गाडीला धडक बसल्यावर विमा कंपनीकडे गेलो तर आपण हात पसरले असं कुणी म्हणत नाही, आणि चूक आपली असली तरी जातोच. १९३२ मध्ये विस्कॉन्सिनने असा पहिला कायदा केला आणि १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने तो देशभर पोचवला, तो महामंदीत लाखो कष्टकरी घरं एकदम उघडी पडलेली पाहून. तेव्हाच्या मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. आपल्या महाराष्ट्रानेही दुष्काळात ‘मागेल त्याला काम’ म्हणत रोजगार हमी सुरू केली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. मागणं हा हक्क असू शकतो हे आपल्याला नवं नाही.

‘भारतात असलं काही नसतं’ असंही अनेकदा ऐकू येतं. संघटित क्षेत्रातल्या कमी पगाराच्या कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. चाकणच्या, अंबडच्या कारखान्यांत आपले भाऊ-भाचे आहेत, त्यांना हे ठाऊक असायला हवं. गैरवर्तनावरून काढलेल्याला लाभ नाही, हा नियम तिथेही आहेच.

यजमानांशी बोलताना आकडा पुढे ठेवा. तुमचे ३२ तास २४ डॉलरने म्हणजे आठवड्याला ७६८ डॉलर, तिमाहीचे सुमारे ९,९८४. तुमच्यासारख्या पगाराला नियम साधा आहे : पायाभूत वर्षातल्या, म्हणजे हिशेबासाठी धरतात त्या आधीच्या बारा महिन्यांतल्या, सगळ्यात जास्त कमाईच्या तिमाहीला २६ ने भागायचं. म्हणजे आठवड्याला अदमासे ३८४ डॉलर. कमाल मर्यादा ४५० ची आहे, लाखाच्या पगाराला तेवढेच. वर्षभरात जास्तीत जास्त २६ आठवडे. त्यावर फेडरल कर लागतो, राज्याचा नाही. आधीच १० टक्के कापून घ्यायला सांगितलंत तर एप्रिलमध्ये कर भरताना धक्का बसणार नाही. बे एरियाच्या घरभाड्यापुढे ही रक्कम फार नाही, पण महिन्याचा किराणा, गाडीचा हप्ता आणि मुलाच्या क्लासची फी निघते. हे सगळं ऐकूनही त्यांना घ्यायचं नसेल, तर तो विचार मी चुकीचा म्हणणार नाही. फक्त निर्णय तुमचा हवा. चार वर्षं काम तुम्ही केलंत, विमा तुमच्या नावावर आहे.

नणंदेची भीती थोडक्यात सोडवते. बेकारी विमा हा कमावलेला हक्क आहे. सरकारवर भार झालात का हे ठरवताना इमिग्रेशन खातं तो मोजत नाही. नागरिकत्वाच्या अर्जात ती कसोटीच नसते. तिथे नोकऱ्यांचा इतिहास विचारतात, तो खरा लिहा, नोकरी नव्हती तो काळही लिहा. अडचण येते ती खोट्याने.

एच-वन-बीवर, म्हणजे मालकाने मिळवून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर, असणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे, आणि अशा वाचकांचीही पत्रं माझ्याकडे येतात. अनएम्प्लॉयमेंटला ‘काम करायला सक्षम आणि उपलब्ध’ असावं लागतं. तुमचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला असल्याने ही अट सहसा तिथेच अडते, आणि तुमच्यापुढे नोकरी गेल्यावर इथे राहण्याची ६० दिवसांची मुदत हा मोठा प्रश्न असतो; इमिग्रेशन वकिलाचा सल्ला आधी घ्या. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन-बीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर, ईएडी (कामाचा परवाना) असलेल्या बायकांना कुठेही काम करता येतं, त्यांनी आपण पात्र नाही असं धरून बसू नये.

नाशिकच्या लग्नाला जरूर जा. पण तीन आठवडे भारतात असताना तुम्ही इथे कामाला उपलब्ध नाही. दर दोन आठवड्यांनी ‘सर्टिफाय’ करताना, म्हणजे त्या आठवड्यांची माहिती ईडीडीला भरून देताना, प्रश्न येतो, की या आठवड्यात काम घेता आलं असतं का? त्या आठवड्यांचं उत्तर ‘नाही’, आणि पैसेही नाहीत. परत आल्यावर क्लेम पुन्हा उघडायचा, पुढचे आठवडे मिळतात. मांडवात बसून फोनवरून ‘हो’ दाबणारी माणसं असतात. त्यांना पुढे काय भोगावं लागतं ते वर लिहिलंच आहे.

मधल्या काळात शनिवार-रविवारी कुणाचं बिलिंग करून दिलंत, तर तेही कळवा, आणि पैसे हातात आले त्या नव्हे, काम केलं त्या आठवड्यात. समजा २०० डॉलर मिळाले, तर त्यातला चौथा हिस्सा, ५०, सोडून देतात आणि १५० वजा करतात. म्हणजे ३८४ ऐवजी २३४ मिळतील आणि वर तुमचे २०० आहेतच.

अर्ज नाकारला गेला तर? गैरवर्तन ठरलं, तर पुन्हा नोकरी करून साप्ताहिक रकमेच्या पाचपट कमाई होईपर्यंत दार बंद राहतं, म्हणून गप्प बसू नका. निर्णयाचं पत्र पाठवल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील करता येतं. टेक्सासमध्ये ही मुदत १४ दिवसांचीच आहे. प्रत्येक राज्याचं गणित निराळं, आपलं पत्र नीट वाचा. सुनावणी प्रशासकीय न्यायाधीशापुढे होते, बरेचदा फोनवर. मराठी दुभाषा मागितला तर फुकट मिळतो. इंग्रजी उत्तम येत असलं तरी, पोटात गोळा आल्यावर माणूस आईच्याच भाषेत नीट बोलतो, संकोच करू नका. सॅन फ्रान्सिस्कोची ‘लीगल एड अॅट वर्क’ ही संस्था अशा बाबतीत मोफत सल्ला देते. आणि अपील चालू असताना दर दोन आठवड्यांचं सर्टिफाय करणं थांबवू नका. जिंकल्यावर पैसे मिळतात ते सर्टिफाय केलेल्या आठवड्यांचेच. हे न कळल्यामुळे जिंकूनही रिकाम्या हाताने राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

दोन गोष्टी पत्रात तुम्ही लिहिल्या नाहीत, पण तपासून घ्या. इथे काढून टाकलं तर शेवटचा पगार, साठलेल्या सुट्ट्यांच्या पैशांसकट, त्याच दिवशी द्यावा लागतो. उशीर केला तर दर दिवसाला एका दिवसाचा पगार, ३० दिवसांपर्यंत, दंड म्हणून मागता येतो. त्यासाठी लेबर कमिशनरकडे वेगळी तक्रार असते. आणि आरोग्य विमा दवाखान्यातून असेल, तर कव्हर्ड कॅलिफोर्नियातून, म्हणजे राज्याच्या आरोग्य विमा बाजारातून, नवा घ्यायला विमा गेल्यापासून ६० दिवस मिळतात. त्यातले तीन आठवडे बहुधा गेलेच आहेत.

तेव्हा आज संध्याकाळी जेवणं उरकली की लॅपटॉप घेऊन बसा. सोशल सिक्युरिटी नंबर, ग्रीन कार्ड, काढल्याचं पत्र, गेल्या दीड वर्षातल्या मालकांची नावं आणि पगार एवढं हाताशी लागतं. कारणाच्या रकान्यात लिहा : नवीन सॉफ्टवेअरवर काम अपेक्षेप्रमाणे जमलं नाही म्हणून काढलं. त्याखाली माफी लिहू नका. फोनची तारीख आली की तुमचं ते टिपण मला पाठवा, मी वाचून कळवते.